जिन्यावरची बाहुली

“भाऊ, तिथे नाही. पाळण्यात. बाहुली पाळण्यात ठेवायची आहे.”

भाऊंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डाव्या हातातलं प्लास्टिकचं पेन त्यांनी पिशवीच्या चित्रावर टेकवलं, कापडी बाहुली बाहेर ओढली आणि पुन्हा जिन्यावरच नेऊन सोडली. टूंऽक असा भसाडा आवाज आला. बाहुली पायरीवर डोकं खाली करून पडली आणि क्षणात उडून पिशवीत परत गेली. ‘याचा इथे उपयोग नाही’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य पडद्यावर झळकलं.

“बघा, नाही म्हणतंय ते.”

“लागली,” भाऊ म्हणाले.

“नाही लागली. चुकली.”

“लागली! लागली!”

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, “अगं, भूक लागली असेल त्यांना. थोडे पोहे देऊ का, विचार.”

रविवारची सकाळ होती. यावलच्या आमच्या घरात, पुढच्या खोलीतल्या कॉटवर आम्ही दोघं शेजारी बसलो होतो. भाऊंच्या पाठीशी लोड, मांडीवर उशी, आणि उशीवर मी पुण्याहून आणलेला तो हातातला गेम. पुस्तकासारखा उघडायचा, वर एक पडदा, खाली एक. खालच्या पडद्यावर पेन टेकवलं की गोष्ट पुढे सरकायची.

भाऊ म्हणजे माझे वडील, प्रल्हाद झांबरे. सगळी नोकरी त्यांनी एस.टी.त काढली. त्यातली शेवटची बरीच वर्षं ते यावलच्या स्टँडवर कंट्रोलर होते. केबिनमध्ये बसून माईकवर गाड्या पुकारायचे. ‘यावल-भुसावळ गाडी फलाट क्रमांक दोनवर लागली आहे, प्रवाशांनी कृपया...’ समोर बोरं विकायला बसणाऱ्या बाया म्हणायच्या, झांबरेभाऊंनी पुकारलं की जायचं नसलं तरी गाडीत बसावंसं वाटतं. असा तो आवाज.

आदल्या पावसाळ्यात त्यांना झटका आला. उजवा हात आणि पाय गेला, आणि वाचा गेली. सगळ्या आयुष्यातल्या शब्दांमधला एकच शब्द मागे राहिला: लागली. तहान, भूक, थंडी, उचकी, सगळ्याला तेच. रागावले की तेच, सून फोनवर बोलली तरी तेच. मान हलवायचे, पण हो म्हणायचं असताना ‘नाही’सारखी आणि नाही म्हणायचं असताना ‘हो’सारखी. त्यामुळे त्या मानेवरही कुणी भरवसा ठेवत नव्हतं. किती कळतं आणि किती नाही, हे डॉक्टरांनाही छातीठोकपणे सांगता येत नव्हतं.

माझा मोठा भाऊ योगराज मात्र छातीठोकपणे सांगायचा. तो सुरतला कापडाच्या धंद्यात. “त्यांना काहीही कळत नाही, ज्योत्स्ना. आई मनाचं समाधान करून घेतेय,” हे त्याचं ठरलेलं वाक्य. सुरतला त्याने एक केंद्र बघून ठेवलं होतं. अशा पेशंटांना तिथे चोवीस तास ठेवून घेतात, नर्सा असतात. भाऊंनी तिथे राहायचं आणि आईने त्याच्या फ्लॅटवर. आई हे ऐकूनच घेत नव्हती. “मला काय धाड भरलीय? मी आहे ना खंबीर,” एवढंच म्हणायची आणि फोन ठेवून द्यायची.

मी तेव्हा पुण्यात नोकरीला होते. दुसऱ्यांनी बनवलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, असं काम. गेम ऑफिसातल्या मैत्रिणीकडून आणला होता. एका बेटावरच्या जुन्या अतिथीगृहात एक मुलगी तिच्या हरवलेल्या मामाला शोधत येते. प्रत्येक खोली म्हणजे एक चित्र. चित्रात कशालाही पेन टेकवून बघायचं. कपाटाला टेकवलं तर ते उघडतं, बाईला टेकवलं तर ती बोलते. सापडलेल्या वस्तू पिशवीत जमा होतात. मग कोणती वस्तू कुठे वापरायची, ते डोकं चालवून शोधायचं. घाई नाही, मारामारी नाही. बोलावंही लागत नाही, नुसतं बोट दाखवायचं. भाऊंचा वेळ जाईल, एवढाच विचार करून मी तो घेऊन आले होते.

आणि शनिवारी तर गंमतच झाली होती. मी स्वतः भुसावळपर्यंतच्या प्रवासात एका खोलीत अडकून पडले होते. कुलूपबंद कपाट आणि किल्ली कुठेच नाही. ती खोली भाऊंना दाखवली. त्यांनी बराच वेळ नुसतं पाहिलं. मग पेन थरथरत पुढे आलं आणि भिंतीवरच्या आरशाला टेकलं. आरसा मोठा झाला. आरशात पलंगाची मागची बाजू दिसत होती, आणि तिथे खिळ्याला किल्ली लटकलेली. मी तो आरसा निदान वीस वेळा ओलांडून गेले असेन.

“भाऊ!” मी ओरडले. “आई, ये इकडे! भाऊंना सगळं कळतं!”

आई पदराला हात पुसत आली. “मला माहीत आहे ते,” म्हणाली. “सगळ्या जगाला तुझ्या खेळण्यानेच कळायचं होतं का?” पण डोळे भरून आले होते तिचे. भाऊंनी लगेच डाव्या हाताने तिचा पदर धरला.

ते पदर धरणंही नवीनच होतं. ती जवळून गेली की धरायचे आणि सोडायचे नाहीत. ती जिन्याकडे वळली की ‘लागली, लागली’ असा गजर सुरू. आमचं देवघर वरच्या खोलीत आणि जिना पुढच्या खोलीतूनच वर जातो, कॉटच्या अगदी समोर. आई आंघोळ करून पूजेला वर निघाली की भाऊ गल्लीत ऐकू जाईल असं ओरडायचे. शेजारच्या मंदाकाकू खिडकीतून हसून म्हणायच्या, “भाऊंचा स्टँड सुरू झाला वाटतं!” आणि मला म्हणाल्या, “लहान लेकरागत झालंय गं त्यांचं. माय दिसेनाशी झाली की रडतं, तसं.” मलाही तसंच वाटलं.

शनिवारी संध्याकाळी आई भरताची वांगी भाजत होती, तेव्हा तिची बाही वर सरकली. कोपरापासून वर हिरवट-पिवळा मोठा डाग होता.

“हे काय गं?”

“कठड्याला लागलं. गच्चीवर कुरडया घालताना.”

“आणि बांगड्या? या हातात दोनच?”

“फुटतात बाई काचेच्या. भांडी घासताना फुटतात.” ती वांगं उलटवत म्हणाली. “तू काय तपासायला आलीस का मला? तुझ्या ऑफिसात चुका काढ. इथे नको.”

मी हसले. ती नेहमी असंच बोलायची. फक्त जेवताना मला दिसलं, तोंड सुकलं होतं तिचं. ती घास हातात घेऊन थांबायची, काहीतरी ऐकू येत असल्यासारखी. “काय झालं?” म्हटलं की “कुठे काय?” आणि पुन्हा जेवायला लागायची. पण तिच्यावर दोन माणसांचं काम पडलेलं, थकणारच, अशी मी माझी समजूत घातली.

तर रविवारी सकाळी ही बाहुली. आदल्या दिवशी ज्या माणसाने आरशातली किल्ली शोधली, तोच माणूस एवढी सोपी गोष्ट चुकत होता. पाळणा समोर होता, रिकामा, हलतही होता. लहान पोरालाही सुचलं असतं. पण भाऊ पाळण्याच्या खोलीतून बाहेर पडून पुन्हा पुन्हा अतिथीगृहाच्या दिवाणखान्यात यायचे आणि बाहुली जिन्यावर सोडायचे. टूंऽक. परत टूंऽक. मधेच त्यांनी गेममधल्या स्वयंपाकघरातल्या अंबाडा घातलेल्या जाड्या बाईला पेन टेकवलं. ती ‘सूप तयार नाही’ असं काहीसं म्हणाली. मग पुन्हा जिना. मग पुन्हा बाई. माझ्याकडे बघत, डोळे फाडून.

“अहो, बाईचा काही संबंध नाही, भाऊ.”

“लागली!”

मी त्यांचा हात धरला आणि पेन पाळण्याकडे नेऊ लागले. त्यांनी हात एवढ्या जोरात हिसडला की पेन उडून थेट दाराशी जाऊन पडलं. मग ते भिंतीकडे तोंड करून बसले. गालावरून पाणी ओघळत होतं.

आई दारात उभी होती. पेन उचलून माझ्या हातात देत म्हणाली, “राहू दे गं ते. उगाच त्यांच्या डोक्याला ताप.” मग जरा थांबून, “आजच जाणार आहेस ना? सहाच्या गाडीने?”

“हो.”

“बरं,” ती म्हणाली. तिला हायसं वाटल्यासारखं मला वाटलं, आणि ते मला जरा लागलंही.

दुपारी योगराजचा फोन आला. मी तो मागच्या अंगणात जाऊन घेतला.

“मी बुधवारी येतोय,” तो म्हणाला. “गाडी घेऊनच. तिथे जागा झालीय, पुन्हा मिळायची नाही. तू एकदा आईला सांग, तुझं ऐकेल ती. आणि खरं सांग, दोन दिवस होतीस ना तू? त्यांना काही कळतं का?”

काल विचारलं असतं तर मी भांडले असते.

“काल वाटलं कळतं. आज...”

“आज काय?”

“आज नाही वाटलं. माहीत नाही, दादा.”

“तेच सांगतोय मी. आईची तब्येतही बघ ना. किती दिवस करणार ती एकटी?” त्याचा आवाज मऊ झाला. तो वाईट नव्हता. त्यालाही झोप नसायची, हे मला वहिनीने सांगितलं होतं. “तू फक्त हो म्हण. बाकी मी बघतो.”

“मी पुण्याला पोचून फोन करते,” मी म्हणाले.

घरात आले तर आई दारामागेच उभी. “काय म्हणत होता?”

“काही नाही. बुधवारी येतोय.”

“तू काय सांगितलंस त्याला?”

“काहीच नाही सांगितलं.”

तिने पदर खोचला. मग म्हणाली, “यांना तिकडे अनोळखी माणसांत टाकलं तर आठ दिवस काढायचे नाहीत हे. पाणी पाहिजे की पांघरूण, ते कोण ओळखणार तिथे? तू एवढं ध्यानात ठेव. बाकी मला काही नको.” आणि डबा भरायला निघून गेली.

निघताना भाऊंच्या पाया पडले. त्यांनी माझा हात नाही धरला, माझी बॅग धरली. बॅगेचा कप्पा, ज्यात गेम होता, नेमका तोच. आईने एकेक बोट सोडवलं. “जाऊ द्या तिला. गाडी चुकेल तिची.” मी रिक्षात बसले तरी आतून ‘लागली, लागली’ ऐकू येत होतं. खिडकीत मंदाकाकू हात हलवत होत्या.

स्टँडवर भुसावळची गाडी उभी होती. मी खिडकीजवळ बसले. कंडक्टरने तिकीट दिलं. माझं मन थाऱ्यावर नव्हतं. योगराजला काय सांगायचं, हाच एक प्रश्न डोक्यात वळवळत होता. माझ्या एका ‘हो’वर दोन माणसं वेगळी होणार होती. ‘नाही’ म्हटलं आणि आई अशीच झिजून गेली, तर तेही माझ्याच माथी. काहीतरी करायचं म्हणून मी गेम बाहेर काढला. निदान ती बाहुली पाळण्यात ठेवून टाकावी, म्हणून.

पडदा उघडला तर सकाळी सोडला होता तिथेच. अतिथीगृहाचा दिवाणखाना. समोर जिना.

कोण जाणे का, मी बाहुली पिशवीतून काढली आणि भाऊंसारखीच जिन्यावर सोडली. टूंऽक. सकाळी मी फक्त तो आवाज ऐकत होते आणि ‘उपयोग नाही’ हे वाक्य वाचत होते. आता पहिल्यांदाच बाहुलीकडे पाहिलं. पिशवीत परत जायच्या आधी, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तेवढा वेळ, ती पायरीवर पालथी पडलेली असायची. डोकं खाली, हात पसरलेले.

मी पुन्हा सोडली. पुन्हा पालथी.

अंबाडा घातलेली बाई. जिना. बाहुली. आईसारखा अंबाडा घातलेली बाई. जिना. बाहुली.

स्पीकरवर कुणीतरी माझ्याच गाडीचं नाव पुकारत होतं, फलाट क्रमांक दोनवर लागली आहे म्हणून. कोपरावरचा डाग. दोनच बांगड्या. पूजेला वर निघाली की तो गजर. पदर धरून ठेवणं. आणि भाऊ गल्लीभर ओरडायचे तेव्हा आम्ही सगळे हसायचो.

गाडी सुरू झाली होती. मी बॅग ओढत दाराशी गेले.

“थांबवा! मला उतरायचंय!”

“अहो ताई, आत्ताच तर तिकीट फाडलंय,” कंडक्टर म्हणाला.

“राहू द्या. उतरू द्या मला.”

रिक्षा शोधायचं भानच नव्हतं. मी बॅग छातीशी धरून बाजारपेठेतून पळत सुटले. एकच डोक्यात होतं: आता ती दिवाबत्तीला वर जाईल. संध्याकाळचा दिवा लावायला. सकाळी पूजेला आणि आता दिवा लावायला. लोक वळून बघत होते. कुणीतरी हाक मारली, “काय झालं गं झांबऱ्यांच्या पोरी?” मी थांबले नाही.

घराच्या कोपऱ्यावर आले तर भाऊंचा आवाज. लागली, लागली, लागली. श्वास न घेता.

दार लोटलं. आई जिन्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर उभी होती, हातात तेलाची बुदली, एक हात भिंतीला. ती पडलेली नव्हती. ती माझ्याकडे बघून दचकली.

“काय गं? काय विसरलीस?”

“खाली उतर.”

“अगं पण...”

“आई, आधी खाली उतर!”

माझा आवाज असा काही चढला होता की ती मुकाट्याने उतरली. भाऊ गप्प झाले. मी बॅग तिथेच टाकली, कॉटवर बसले आणि गेम उघडून त्यांच्यापुढे धरला. हातात पेन दिलं.

“भाऊ, सकाळी मला समजलं नाही. पुन्हा दाखवा. आईसमोर दाखवा.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग आईकडे. मग गेममधल्या स्वयंपाकघरात जाऊन त्या अंबाडेवाल्या बाईला पेन टेकवलं. दिवाणखान्यात आले. पिशवीतून बाहुली काढली, सावकाश नेली आणि जिन्यावर सोडली. टूंऽक. बाहुली पालथी पडली. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि डाव्या हाताचं बोट उचलून समोर खऱ्या जिन्याकडे दाखवलं.

आई खुर्चीवर बसली. बुदली अजून हातातच होती.

“कितीदा पडलीस?” मी विचारलं.

ती बुदलीचं तेल पदराने पुसू लागली.

“आई, कितीदा?”

“चक्कर येते,” ती म्हणाली. “डोळ्यांपुढे काळं होतं आणि मग काही कळत नाही. उठते तेव्हा बरी असते. आपोआप बरी होते.”

“जिन्यावरच?”

“जिन्यावर. एकदा मोरीत. एकदा गॅसजवळ, दूध करपलं तेव्हा.” तिने पदर तोंडाला लावला. “एकदा बराच वेळ पडले असेन. जाग आली तर हे कॉटवरून खाली उतरलेले. एका हाताने फरफटत पायरीपर्यंत आलेले. ओरडून ओरडून घसा बसला होता यांचा. आणि बाहेर मंदाताई म्हणत होत्या, आज काय जादा गाड्या सोडल्यात का भाऊ.”

मी तिच्या हातातली बुदली काढून खाली ठेवली.

“सांगितलं का नाहीस?”

“कुणाला सांगू? योगराजला? तो वाट बघतोय तेवढंच ऐकायची. म्हणाला असता, बघ, तुला स्वतःला होत नाही. एकाला इकडे नेलं असतं, एकीला तिकडे. मी यांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घातली होती. म्हटलं, माझं मरण बघाल जर कुणाला कळू दिलंत तर. मला काय माहीत, हे यातून सांगतील.” तिने गेमकडे असं पाहिलं, जसं काही ते घरात शिरलेलं मांजर आहे.

भाऊ मान खाली घालून बसले होते. त्या घातलेल्या शपथेचं ओझं त्यांनी किती दिवस वाहिलं असेल, आणि आज ती मोडताना त्यांना काय वाटलं असेल, ते मला आजही सांगता यायचं नाही.

मी गावातल्या डॉक्टर फिरक्यांना बोलावून आणलं. त्यांनी आईची नाडी धरली आणि धरूनच बसले. घड्याळाकडे बघत होते. एकदा त्यांनी हात सोडून दुसरा हात धरला, चुकलं तर नाही ना, अशा तऱ्हेने.

“काकू, चालताना धाप लागते?”

“लागते थोडी.”

“हृदयाचे ठोके मधेच थांबतायत,” ते मला दाराशी नेऊन म्हणाले. “आजवर पुन्हा सुरू झाले. दर वेळी होतीलच असं नाही. आत्ताच जळगावला न्या. मी तिकडे फोन करतो. आणि वरती पूजाबिजा काही नको, एक पायरी चढू देऊ नका.”

मंदाकाकूंचा मुलगा गाडी घेऊन आला. आईला मागच्या सीटवर आडवं केलं. ती सारखी एकच सांगत होती, “यांची गोळी जेवणानंतरची. पाण्यात विरघळवून द्या. आणि रात्री उजव्या कुशीवर नका झोपवू.” मंदाकाकू भाऊंजवळ थांबल्या. गाडीत बसताना मी पाहिलं, त्या भाऊंच्या पायाशी बसून रडत होत्या. “मला माफ करा हो भाऊ,” म्हणत होत्या, “मी बाई हसत होते.”

योगराज बुधवारची वाट न बघता त्याच रात्री निघाला आणि पहाटे जळगावला पोचला. मंगळवारी आईच्या छातीत पेसमेकर बसवला. तो तिच्याजवळ राहिला आणि मी यावलला भाऊंकडे. ते दोन दिवस मी कसे काढले, ते मलाच माहीत. भाऊ जेवेनात. रिकाम्या जिन्याकडे बघत बसायचे.

मंगळवारी दुपारी त्यांनी स्वतःहून पेन मागितलं. म्हणजे बोट केलं. गेम उघडला तर ते अतिथीगृहाच्या झोपायच्या खोलीत गेले, बाहुली काढली आणि पलंगावर सोडली. टूंऽक. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा पलंगावर सोडली. पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

“हो भाऊ,” मी म्हणाले. “झोपलीय. पण उठणार आहे. ऑपरेशन नीट झालं. दादाचा आत्ताच फोन आला.”

मग मी तशीच बाहुली उचलली आणि स्वयंपाकघरात नेऊन, त्या अंबाडेवाल्या बाईच्या शेजारी सोडली. टूंऽक वाजलंच. पण भाऊ हसले. झटका आल्यापासून पहिल्यांदाच मी त्यांना हसताना पाहत होते, आणि तोंड वाकडं असलं तरी हसणं जुनंच होतं. त्या दिवशी ते थोडंसं जेवले.

आईला घरी आणलं तेव्हा योगराज बरोबर होता. तो भाऊंजवळ कॉटवर बसला. म्हणाला, “भाऊ, मला पण दाखवा ना, कसं सांगितलंत ते.” भाऊंनी दाखवलं नाही. पण त्याच्या डोक्यावर डावा हात ठेवला. सुरतच्या केंद्राचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही. देवघर त्याने स्वतः उचलून खालच्या खोलीत मांडलं आणि दिवसभरासाठी एक बाई लावून दिली. जाताना मला म्हणाला, “तू हो म्हणाली असतीस तर मी घेऊन गेलो असतो गं दोघांना.” ‘हो’ म्हणायला मी किती जवळ आले होते, ते त्याला कुठे माहीत होतं?

आई मात्र भाऊंशी बोलेना. जेवायला वाढायची, गोळी द्यायची, पांघरूण नीट करायची, पण तोंडातून शब्द नाही. शपथ मोडली म्हणून. भाऊ पदर धरायला गेले की सोडवून घ्यायची. “ज्या बाईने यांच्यासाठी एवढं लपवलं, तिचीच चहाडी केली,” असं मला ऐकवायची, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. मी दोघांच्या मधे बसून कंटाळून गेले.

माझ्या जायच्या आदल्या दुपारी मी कॉटवर भाऊंबरोबर गेम खेळत होते. पाळण्याची खोली आम्ही केव्हाच मागे टाकली होती आणि आता तळघरात होतो. आई चष्मा पुसत आली. जरा वेळ उभी राहिली. मग भाऊंना म्हणाली, “सरका तिकडे.” ती त्यांच्या पलीकडे बसली, चष्मा लावला आणि माझ्यापुढे हात पसरला.

“दे ते पेन.”

“तुला काय करायचंय?”

“शिकव मला. कुठे टेकवायचं, कसं ओढायचं, सगळं.” पेन तिने लाटण्यासारखं घट्ट धरलं. भाऊंकडे न बघताच म्हणाली, “पुढच्या वेळी काही सांगायचं झालं ना, तर आधी मला सांगायचं. पोरीला नाही.”